जुनी गाडी घेताना – भाग ५ : व्हॅनचे इंजिन, पाटे आणि पत्रा

मागच्या भागात आरसी, विमा आणि नावबदलाचे कागद पाहिले. कागद चोख असतील तर आता मिस्त्रीला सोबत घेऊन गाडीपाशी जायचे. देऊळघाटसारख्या गावात जुनी व्हॅन म्हणजे ओमनी नाही तर इको. १९८४ साली आलेल्या ओमनीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. इको २०१० मध्ये आली. यातल्या बऱ्याच गाड्यांनी आठवडी बाजाराचा माल, वऱ्हाड आणि शाळेची पोरे असे सगळेच ओढलेले असते.

इंजिन थंड असताना पाहा. मालकाने आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. दोन्ही गाड्यांचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचला, रेडिएटरचे झाकण उघडा. पाणी गंजाने लाल झालेले असेल तर कूलंटकडे कोणी पाहिलेले नाही. मग ऑइलचे झाकण काढा. आतल्या बाजूला सायीसारखा फेस चिकटला असेल तर ऑइलमध्ये पाणी जात असण्याची शक्यता आहे. अशा वेळी पहिला संशय हेड गॅस्केटवर घ्या. ओमनीत हेड उघडून गॅस्केट बदलायला साधारण पाच ते आठ हजार लागतात. रेस दिल्यावर निळा धूर येत असेल तर रिंग-पिस्टनचे काम निघाले समजा. तो आकडा वीस हजारांच्या पुढेच जातो.

सपाट रस्त्यावरच्या चकरेत फारसे कळत नाही. बुलढाणा घाटावर, मोताळा घाटाखाली आणि मध्ये राजूर घाट. चार माणसे बसवून खाली उतरा आणि परत चढा. ओमनीचे इंजिन फक्त ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. त्याचा दम चढणीवरच कळतो. इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच प्लेट संपली. मजुरीसह चार ते सात हजार धरा. उतारावर गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

दोन्ही गाड्यांची ताकद मागच्या चाकांना जाते. गाडी सुटताना खालून ‘टक्’ आवाज आला तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असू शकतो. हे काम हजार-दोन हजारांत भागते. वेग वाढेल तसा मागून घुमल्यासारखा आवाज वाढला तर डिफरन्शियल तपासून घ्या, ते महाग पडते. ओमनी सपाट जागेवर उभी करून मागून पाहा. एका बाजूला झुकली असेल तर जादा वजनाने पाटे बसलेत.

सीएनजी असेल तर आरसीवर त्याची नोंद आणि टाकीच्या चाचणीचा दाखला मागा. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

शेवटी पत्रा, आणि इथे घाई नको. मॅट उचला. पायरी, सरकत्या दरवाजाची पट्टी आणि मागच्या चाकांच्या कमानी पेचकसाने टोचून बघा. रंग ताजा दिसला तर लोहचुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. दरवाजा अडकत असेल तर बहुधा रोलर बदलून भागते. जमिनीचा पत्रा कुजला असेल तर मात्र वेल्डिंगचे ठिगळ दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा उघडे पडते. शिवाय पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीतून पास व्हावी लागते. त्याला फी आणि हरित कर आहेच.

वर दिलेले आकडे ढोबळ आहेत; भाग कोणत्या कंपनीचा आणि गॅरेज कुठले, यावर ते बदलतात. म्हणून किमतीखेरीज वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवूनच सौदा करा. इंजिन पुन्हा बांधता येते, क्लच बदलता येतो. पत्रा कुजलेली व्हॅन मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

(पुढच्या आठवड्यात : ब्रेक आणि टायर)