कितीही आवळा, नट सुटतोच

रविवारी दुपारी नागावच्या किंवा काशीदच्या किनाऱ्यावर एटीव्हींची रांग लागलेली असते. चार फुगीर टायर, मोटरसायकलचं हँडल आणि मागे बसून किंचाळणारी पोरं. अशी एखादी गाडी संध्याकाळी मागून उचलून विटांवर ठेवलेली दिसते. एक मुलगा पान्यात पाइप अडकवून, पाय रोवून, मागच्या अ‍ॅक्सलवरचा तळहाताएवढा नट आवळत असतो. हाच नट गेल्या आठवड्यातही आवळलेला असतो. निदान ठरलेलं : ‘नीट टाइट झाला नव्हता.’ उपायही ठरलेला : या वेळी पाइप जरा लांब घ्यायचा.

एक मीटर पाइपच्या टोकाला 20 किलोचा जोर दिला, तरी नटावर 200 न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ बसतो. म्हणजे जोर कमी पडत नाही. उलट तो मोजल्याशिवाय दिला तर आटेच जातात. तरीही नट सुटतो, कारण दोष बहुतेक वेळा नटात नसतोच. तो शेजारी असतो आणि नट फक्त त्याची तक्रार करत असतो.

मोटारीची मागची दोन चाकं वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात, ती डिफरेन्शियलमुळे. चेनवर चालणाऱ्या एटीव्हीत ती सोय नसते. एकच अखंड अ‍ॅक्सल, दोन्ही टोकांना चाकं, मधे चेनचं स्प्रॉकेट आणि ब्रेकची डिस्क. वळताना एका चाकाला घसटतच जावं लागतं आणि अ‍ॅक्सल पिळला जातो. रेस दिली की चेन त्याला एकीकडे ओढते, ब्रेक दाबला की डिस्क उलटीकडे. स्प्रॉकेटचा आणि डिस्कचा हब अ‍ॅक्सलवर कोरलेल्या दात्यांत बसतो. हब, स्पेसर, बेरिंग ही सगळी माळ दोन मोठे नट दाबून धरतात. त्यांची जागा मॉडेलप्रमाणे बदलते. एक नट माळेवर आवळायचा, दुसरा त्या नटावर. सायकल दुरुस्तीवाले ज्याला चेकनट म्हणतात, तोच हा प्रकार.

आता नट मुळात धरतो कशाच्या जोरावर? आवळताना आट्यांखालचं पोलाद केसभर ताणलं जातं आणि स्प्रिंगसारखं परत आखडू पाहतं. त्या ओढीने पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात, घर्षण तयार होतं आणि घर्षण नटाला फिरू देत नाही. हे घर्षण हरवतं कसं, ते गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगाने दाखवलं. बोल्टच्या लांबीच्या दिशेने धक्के दिले तर नट बराच काळ टिकतो. पण जोडलेले भाग आडवे, मागेपुढे सरकू लागले की तो पाहता पाहता सुटतो. बोटात अडकलेली अंगठी आठवा. सरळ ओढली तर हलत नाही, पिळत पिळत ओढली की सरकते. घर्षण एका दिशेला हरलं की दुसऱ्या दिशेलाही त्याचा विरोध उरत नाही. नटाचंही तसंच : खालचा भाग थोडा घसरला, की आट्यांच्या उतारावरून तो आपोआप मागे फिरतो.

म्हणून पाइप बाजूला ठेवून आधी हब हातात धरावा आणि मागेपुढे हलवून पाहावा. दाते झिजलेले असतील तर टकटक जाणवते. प्रत्येक रेसला, प्रत्येक ब्रेकला हब तेवढाच डुलतो आणि नटाला थोडं थोडं फिरवतो. असा हब नवा टाकल्याशिवाय इलाज नाही. अ‍ॅक्सलचेच दाते गेले असतील तर खर्च मोठा, पण तोच खरा खर्च. अ‍ॅक्सल वाकलेला असेल तर प्रत्येक फेरीला तोच खेळ. बेरिंगही बघावं. किनाऱ्यावरच्या गाड्यांत खारं पाणी आणखी भर घालतं. नटाखाली गंजाचा किंवा रंगाचा थर राहिला तर तो चेपतो, आणि केसभर ताणलेलं पोलाद तेवढ्यानेही सैल पडतं.

इथे स्प्रिंग वायसरबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘वायसर टाकलाय, आता सुटणार नाही’ हे आपल्याकडचं ब्रह्मवाक्य. नासाच्या 1990 च्या एका पुस्तिकेत या वायसरला सरळ निकामी ठरवलं आहे : नट पूर्ण आवळेपर्यंत तो चपटा होऊन जातो आणि मग साध्या वायसरपेक्षा वेगळं काही करत नाही. मोठ्या नटाला छिन्नी लावून हातोडीने ठोकणं हा दुसरा रिवाज. त्याने नटाचे कोपरे तेवढे जातात.

दाते आणि बेरिंग ठीक असतील तरच आट्यांना लावायच्या डिंकाची, म्हणजे लॉकटाइटची, पाळी. व्हर्नन क्रीबल या अमेरिकी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने 1953 मध्ये लॉकटाइट शोधलं, ते हवा बंद झाली आणि धातूचा स्पर्श मिळाला की घट्ट होतं. बाटली अर्धवट रिकामी दिसते ती दुकानदाराच्या लबाडीमुळे नव्हे. आत हवा हवीच असते. आटे ब्रशने घासून, ग्रीसचा अंशही न ठेवता पुसायचे, कारण तेलकट आट्यांवर ते नीट धरत नाही. या नटांना लाल, म्हणजे जास्त ताकदीचं लावतात. पुन्हा खोलायचा झाला तर नट चांगला तापवावा लागतो. बेरिंगची सीळ जवळ असेल तर आच जपून.

मग आतला नट मॅन्युअलमधल्या आकड्याइतका, टॉर्क रेंचने. तो एका पान्याने जागेवर धरून बाहेरचा त्यावर. आतला धरला नाही तर दोघे एकत्र फिरतात आणि चेकनट नावापुरता उरतो. रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस, गाडी हलवायची नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ‘एकदा परत टाइट करू’ म्हणून पाना घालायचा नाही. सुकलेला डिंक त्या एका हिसक्यात तुटतो. त्याऐवजी दोन्ही नटांवरून अ‍ॅक्सलपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवायची. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुताना ती रेघ तुटलेली दिसली, तर पाइप शोधण्याआधी हब हलवून बघायचा.