मिनिटाला किती पावलं?

1865 साली नैनसिंह रावत तिबेटच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा त्यांच्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते. इंग्रजांच्या सर्वेक्षण खात्यानं त्यांच्याकडून एकसारखी पावलं टाकण्याचा सराव करून घेतला होता. दर शंभराव्या पावलाला एक मणी सरकवायचा. बघणाऱ्याला वाटावं, यात्रेकरू नामस्मरण करतोय. एक माळ पुरी झाली की पावलं झाली दहा हजार.

शंभर वर्षांनी हाच आकडा अगदी वेगळ्या वाटेनं लोकांच्या कमरेला येऊन लटकला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात व्यायामाचं वारं होतं. त्या वाऱ्यावर 1965 मध्ये ‘मानपो-केई’ हे पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं. दहा हजार हा आकडा त्याच्या नावातच होता आणि त्यामागे वैद्यकशास्त्रापेक्षा विक्रीची सोय जास्त होती. 2019 मध्ये अमेरिकेत आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सुमारे 17 हजार वयस्क स्त्रियांचं चालणं तपासलं. रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि 7,500 च्या पुढे फरक जवळपास थांबला. एकूण पावलं हिशेबात धरल्यावर वेगाचा वेगळा असा फायदाही तिथे ठळकपणे दिसला नाही.

मग वेग मोजायचा कशाला? दमासाठी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम सांगते, आणि आपलं चालणं त्यात बसतं की नाही हे दिवसभराच्या पावलांच्या बेरजेवरून कळत नाही. स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्यांचीही बेरीज मोठी होते.

यासाठी संशोधकांनी सुटसुटीत माप दिलं आहे: मिनिटाला साधारण 100 पावलं पडली की मध्यम जोर, 130 च्या आसपास गेली की चांगलाच जोर. हे ढोबळ आहे. उंची, वय आणि सराव यांप्रमाणे ते थोडं सरकतं. पण मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ पुरतं. पाच-सात मिनिटं चालून पाय मोकळे झाले की 30 सेकंद पावलं मोजा आणि दुप्पट करा. पहिल्याच मिनिटाला मोजू नका, आणि मोजतोय म्हणून उगाच तरातरा चालूही नका. (सगळे तेच करतात.) जोडीला बोलून बघायचं. वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप लागली की जोर योग्य आहे. बागेतल्या गप्पिष्ट घोळक्याचा वेग मात्र त्यातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा असतो, हे घोळक्यात मिसळण्याआधी ध्यानात घ्यावं.

ताशी किलोमीटर काढायचे तर पावलाची लांबी हवी. मैदानावरच्या 400 मीटरच्या आतल्या पट्टीवरून नेहमीच्या चालीनं एक फेरी मारा. 600 पावलं लागली तर पाऊल 67 सेंटिमीटरचं. मिनिटाला अशी 110 म्हणजे ताशी साधारण साडेचार किलोमीटर. वेग वाढला की पाऊलही लांबतं, त्यामुळे भरभर चालायचं असेल तर माप पुन्हा घ्यावं लागतं. नैनसिंहांचं कसब इथंच होतं: डोंगर असो की सपाटी, पाऊल तेवढंच.

फोनला हे कसब नाही. तो हादऱ्यांवरून पावलं ओळखतो आणि उपग्रहांवरून अंतर, त्यामुळे उंच इमारतींच्या गल्लीत त्याचा नकाशा वाकडातिकडा होतो. मनगटी घड्याळ हाताच्या झोक्यावर जगतं. हातात भाजीची जड पिशवी असली की पावलं गाळतं. सिग्नलला उभे राहिलात तर तो वेळही काही ॲप सरासरीत धरतात. आकडा खाली दिसला म्हणून लगेच खट्टू होऊ नये.

चढावर तर सपाटीचं गणित पार मोडतं. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये हिशेब मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आतकरवाडीहून सिंहगडाची वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि चढ सुमारे सहाशे मीटरचा. नेस्मिथच्या हिशेबानं दीड तास झाला. दर रविवारी जाणारे पुणेकर तासाच्या आत वर पोचतात आणि तुम्हाला किती लागला हे आवर्जून विचारतात. मिनिटाला पावलं किती पडली, हे तिथे कुणी विचारत नाही. चढावर ती कमीच पडतात आणि दम तरी भरपूर लागतो.