बंद पडलेला माल पुन्हा काढावा काय?

नगरच्या माणसाला कायनेटिक चौक कोठे आहे हे सांगावे लागत नाही. चौकांना थोर पुरुषांची नावे देण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे एका कारखान्याचे नाव चौकाला पडले आणि ते कोणी ठराव न करता पडले. त्या कारखान्यातून जी गाडी निघाली, ती लूना. ती बंद पडली, आणि बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर ७ फेब्रुवारी २०२४ रोजी विजेवर चालणारी ई-लूना म्हणून बाजारात परत आली. आमच्या जिल्ह्याचे नावही त्याच साली बदलून अहिल्यानगर झाले. तेव्हा जुन्या नावाची नवी गाडी आणि नव्या नावाचा जुना जिल्हा असा योग जुळून आला.

त्यानंतर एका सभेहून परतताना चहाच्या टपरीवर एका निवृत्त फिटरने आम्हाला विचारले, "भाऊ, लूना परत आली म्हणतात. पण मग तिचं पेडल कुठंय?" प्रश्न थट्टेचा होता, तरी त्यात सगळा वाद आलेला आहे. बंद झालेला माल कारखानदाराने पुन्हा काढावा काय? काढला तर तो तोच माल म्हणावा काय? आणि त्यातून कोणाच्या पदरात काय पडते? आम्ही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर. अर्थशास्त्राची पदवी आमच्यापाशी नाही. तथापि वस्तू घडते कशी आणि बंद पडते कशी, हे आम्ही जवळून पाहिले आहे, तेवढ्या आधारावर हे मांडतो.

लूना १९७२ सालची. मुंबई विधानसभेचे १९४६ ते १९५२ या काळातील अध्यक्ष कुंदनमल फिरोदिया हे नगरचे. त्यांच्या घराण्यातील हस्तीमल फिरोदिया यांनी ही गाडी काढली. मूळ नमुना इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या चाओ या गाडीचा. पन्नास सीसीचे इंजिन, सायकलसारखी चौकट, आणि सायकलसारखेच पेडल. पेडल मारून गाडी सुरू करायची, आणि पेट्रोल संपले तर तेच पेडल मारीत घर गाठायचे. त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. सायकलवर दुधाचे कॅन लादून पहाटे निघणारा गवळी, तीन गावे सांभाळणारी परिचारिका, बदलीच्या गावी रोज ये-जा करणारा शिक्षक यांच्यासाठी सायकल आणि स्कूटर यांच्यामध्ये काहीच नव्हते. ती जागा लूनाने भरली. गिअर नाहीत, वजन हलके, साडी नेसलेल्या बाईलाही सहज स्टँडवर लावता येईल अशी. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना सोळाव्या वर्षी मिळू लागला. दूरदर्शनवरील तिची जाहिरात तर पोराटोरांच्या तोंडी झाली. ती ज्यांच्या हातची, ते पियुष पांडे २०२५ मध्ये वारले, तेव्हा वर्तमानपत्रांनी इतर जाहिरातींबरोबर लूनाचीही आठवण काढली.

आता ही गाडी स्वस्त का होती, हे समजून घेतल्याशिवाय ती बंद का पडली हे कळणार नाही. तिचे इंजिन टू-स्ट्रोक. या इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला भोके असतात आणि दट्ट्या वरखाली होताना तीच भोके उघडतो व झाकतो. हलणारे भाग थोडे, म्हणून घडवायला सोपे आणि दुरुस्तीलाही सोपे. निंबाच्या झाडाखाली गोणपाट टाकून बसलेला मिस्त्री तासाभरात ते उघडून, काजळी खरवडून, पुन्हा बसवून देई. परंतु या सोपेपणाचेच एक वैगुण्य आहे. जळालेला धूर बाहेर जाण्याचे भोक उघडे असतानाच ताजे पेट्रोल आत शिरते, आणि त्यातले काही न जळताच धुराबरोबर निघून जाते. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते; तेही जळते. तो निळसर धूर ज्यांनी पाहिला, त्यांना अधिक सांगणे नको.

२००० सालापासून धुराचे नियम कडक होत गेले आणि एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा लागू झाले. म्हणजे जशी होती तशी लूना आज कोणी घडवली, तरी नवी गाडी म्हणून तिची नोंदणी होणार नाही. दुसऱ्या बाजूने १९८५ पासून आलेल्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलींनी कमी पेट्रोलात जास्त धावून दाखवले, आणि कर्जही हप्त्याने मिळू लागले. गिऱ्हाईक वर सरकले. पण सगळेच सरकले असे मात्र नव्हे. तामिळनाडूतील टीव्हीएस कंपनीने आपली मोपेड सोडली नाही. २०१५ मध्ये तिला फोर-स्ट्रोक इंजिन बसवले, आणि पाठीमागे पोती, पुढे कॅन अशी ती आजही बाजारच्या दिवशी दिसते. याचा अर्थ मोपेडची गरज मेली नव्हती. लूनाच्या माघारी ती गरज दुसऱ्याने भागवली, इतकेच.

माल परत काढण्याच्या बाबतीत जगात एक मोठा धडा आहे आणि तो वाद्यांच्या धंद्यातला आहे. आमचा एक पुतण्या गिटार वाजवतो. त्याच्यामुळे आम्हाला याची गोडी लागली. अमेरिकेच्या गिब्सन कंपनीने लेस पॉल नावाच्या विजेच्या गिटारीचा एक नमुना १९५८ पासून काढला. खप बेताचा, म्हणून १९६० मध्ये थांबवला. पुढे इंग्लंडातील तरुण वादकांनी जुन्या दुकानांतून तीच गिटार शोधून काढली, तिचे नाव झाले, आणि १९६८ मध्ये कंपनीला ती परत घडवावी लागली. फेंडर कंपनीनेही १९८२ मध्ये आपल्या १९५७ आणि १९६२ च्या गिटारी नव्याने काढल्या. जुन्या अस्सल नगाची किंमत आज लाखो डॉलरच्या घरात जाते. नवा नग जुन्यासारखा दिसतो, पुष्कळसा तसा वाजतोही, पण तोच नसतो. काही गिटारींच्या पट्टीला जे ब्राझीलचे शिसवी लाकूड लागे, त्याच्या व्यापारावर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय बंधन आहे.

आम्हाला या हकिकतीतला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. गिब्सनने १९८४ मध्ये मिशिगन राज्यातील कॅलामझू गावचा आपला जुना कारखाना बंद करून काम नॅशव्हिलला नेले. गाव सोडून जाण्यास तयार नसलेल्या काही कामगारांनी त्याच इमारतीत, जुन्या यंत्रांपैकी काही विकत घेऊन, १९८५ मध्ये हेरिटेज नावाची स्वतःची कंपनी उभी केली. आता सांगा, जुनी गिटार कोणाकडे राहिली? नाव आणि नकाशे नॅशव्हिलला गेले. लाकडाला हात लावताच ओल किती आहे हे सांगणारी बोटे कॅलामझूत राहिली. माल परत काढण्याचा हक्क कायद्याने नावाच्या मालकाचा आहे. पण तो काढण्याची ताकद बऱ्याच अंशी त्या बोटांत असते, हे कारखानदार माल बंद करताना विसरतात आणि परत काढताना आठवतात.

आम्ही एका कारखान्याची गोष्ट पाहिली आहे; नाव घेत नाही. एक माल बंद झाला. टूलरूममधल्या जिगा, फिक्श्चर आणि डाय ट्रकमध्ये भरून भंगाराच्या भावाने गेल्या. ज्या मिस्त्रीने त्या डाय वीस वर्षे सांभाळल्या, तो फाटकाशी उभा राहून ट्रकची वजनपावती वाचत होता. चार वर्षांनी त्याच मालाची मागणी आली, तेव्हा नकाशे होते, पण नकाशात न लिहिलेले किती होते हे तेव्हा कळले. कोणत्या ठोक्याला पत्रा तडकतो आणि कोठे कानस मारावी लागते, हे सारे निवृत्तीच्या हारतुऱ्यांबरोबर घरी गेले होते. आम्ही संघटनेच्या वतीने आधी विनंती केली होती की निदान एक संच ठेवा. ती विनंती मिनिटबुकात आहे.

लूनाच्या बाबतीत तसा पूर्ण तुटवडा पडला नाही, हे नमूद केले पाहिजे. कायनेटिकचा दुचाकी धंदा २००८ मध्ये महिंद्रांकडे गेला, तरी नगरचा कारखाना गाड्यांचे गिअर, शाफ्ट असे सुटे भाग करीत चालू राहिला. ई-लूनाची तयारी झाली तेव्हा तिची चौकट, मुख्य स्टँड, साइड स्टँड आणि मागचा स्विंग आर्म हे भाग येथेच करण्यासाठी नवी लाइन टाकण्यात आली. म्हणजे वेल्डरला काम गावातच मिळाले. आकुर्डीचे उदाहरणही असेच आहे. बजाजची चेतक १९७२ चीच. पुढे ती संपली. २००७ मध्ये आकुर्डीतील गाड्यांचे उत्पादन थांबले होते. जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर आली आणि जून २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत तिचा नवा कारखाना सुरू झाला. पंधरा वर्षांत माणसे मात्र बदलली. बंद पडताना घरी बसलेला असेंब्ली लाइनवरचा माणूस नव्या लाइनवर येत नाही, त्याचा मुलगा आला तर आला. आणि तो कायम म्हणून आला की कंत्राटी, हा प्रश्न प्रत्येक पुनरुज्जीवनाच्या वेळी आम्ही विचारतो. गाडीच्या जाहिरातीत याचे उत्तर नसते.

आता त्या फिटरच्या प्रश्नाकडे येऊ. ई-लूनाला पेडल नाही; मागच्या चाकाच्या तुंब्यात मोटर आहे. सोळा इंची तारांची चाके आणि मोकळी चौकट ही ओळख राखली आहे. किंमत सुरुवातीला ६९,९९० रुपयांपासून होती, दीडशे किलो भार वाहील असे कंपनीने सांगितले, आणि दोन युनिटच्या बॅटरीवर ११० किलोमीटर धावेल असाही दावा आहे. दाव्यातून खड्डे, चढ आणि दुधाचे कॅन वजा केले, तरी दोन युनिट विजेला वीसेक रुपये पडतात, हा हिशेब गवळ्याला पटणारा आहे. म्हणून आमच्या मते ही नक्कल नव्हे, वारस आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, तेव्हा कोणी फसवणूक म्हणत नाही. गिटारीत आठवण विकली जाते. येथे निदान भार वाहण्याची गरज तीच आहे, आणि वस्तू त्या गरजेसाठी आहे. ज्या परत काढलेल्या मालात केवळ रंग आणि बिल्ला जुना, आणि किंमत हौशी माणसाला परवडेल एवढीच, त्याविषयी आम्हाला उत्साह नाही.

पण निंबाखालच्या मिस्त्रीचे काय? टू-स्ट्रोक इंजिन तो उघडू शकत होता. बॅटरीची पेटी सीलबंद असते, आतल्या पेशी बहुतेक परदेशातून येतात, आणि बिघाड शोधायला कंपनीचे उपकरण लागते. गाडीतला सर्वांत महाग भाग असा आहे की जो तालुक्याच्या गावी कोणी दुरुस्त करू शकत नाही. जुनी लूना गावाने आपलीशी केली ती तिच्या स्वस्ताईइतकीच तिच्या उघडेपणामुळे. नवी लूना तशी व्हायची असेल, तर आयटीआयमध्ये या पेट्यांचे शिक्षण हवे, आणि दहा-पंधरा वर्षे सुटे भाग देण्याचा शब्द कागदावर हवा. आम्हाला विचाराल तर जुना माल परत काढण्याआधी जुन्याचे सुटे भाग काढावेत. त्यात नफा थोडा आहे, हे आम्ही जाणतो. पण एखादा भाग महिन्याला शेकड्याने खपत नसला, तरी एमआयडीसीतील छोट्या वर्कशॉपला नकाशा आणि परवानगी देऊन तो करवून घेता येईल; त्या टर्नरला काम मिळेल आणि मालकाच्या खिशातून काही जाणार नाही.

सभेनंतर भेटलेला तो फिटर अजून लूनाच वापरतो. तिच्या क्रँकचे बेअरिंग गेले होते. मूळ माप बाजारात मिळेना, म्हणून त्याने दुसऱ्या गाडीचे आणले, लेथवर बूश काढून बसवले, आणि दोन दिवसांनी गाडी सुरू केली. आम्ही विचारले, हा बूश आणखी कोणाला करून देणार का? तो म्हणाला, "आतापर्यंत सात जणांना दिला. आठवा पाथर्डीचा आहे, रविवारी येतोय."