पृष्ठरज्जूंतील मज्जापेशी

पोलिओनें पाय लुळा पडलेल्या मुलाच्या तळव्याला टांचणी टोंचली, तर ती त्याला स्पष्ट कळते; पण पाय मात्र मागें घेतां येत नाहीं. जाणीव शाबूत आणि हालचाल नष्ट, हें कसें घडतें? पृष्ठरज्जूचा एक पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवला म्हणजे त्याचा उलगडा होतो.

कण्याच्या पोकळींतून ही करंगळीएवढ्या जाडीची दोरी सुमारें ४५ सेंटिमीटर खालीं उतरते. तिच्या आडव्या छेदांत बाहेर पांढरा आणि मध्यें करडा असे दोन भाग दिसतात. करड्या भागाचा आकार पंख पसरलेल्या फुलपांखरासारखा असतो. त्याच्या पाठीकडील निमुळत्या पंखांत त्वचेकडून वार्ता येतात; पोटाकडील रुंद पंखांत स्नायूंना हुकूम देणाऱ्या मोठ्या मज्जापेशी वसतात. पोलिओचा विषाणु मुख्यतः या दुसऱ्या पेशींनाच मारतो.

अशा पेशीचें शरीर फार तर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढें. पण तिच्यांतून निघणारा एक तंतु पावलाच्या स्नायूपर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर जातो. पेशी लिंबाएवढी कल्पिली, तर तंतु चारशें मीटर लांब होईल!

इटलींतील गॉल्जी यानें १८७३ सालीं चांदीच्या क्षारानें पेशी काळ्या करण्याची रीत शोधली. तींत शंभरांतल्या थोड्याच पेशी रंगतात, आणि हेंच तिचें भाग्य. सगळ्या रंगल्या असत्या तर नुसतें रानच दिसतें. सारे तंतु मिळून एक अखंड जाळें होतें, असें गॉल्जीचें मत होतें. स्पेनमधील काहाल यानें तीच रीत कोंबडीच्या गर्भाच्या पृष्ठरज्जूला लावली, आणि प्रत्येक तंतूचें टोंक मोकळेंच आढळलें. १९०६ चें नोबेल पारितोषिक दोघांना मिळून मिळालें, तेव्हां गॉल्जीनें आपल्या भाषणांत काहालच्याच मताचें खंडन केलें; प्रसंग मोठा गमतीचा खरा. पुढें १९५० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें दोन पेशींमधील फट प्रत्यक्ष दाखविली, आणि काहालचें म्हणणें ठरलें.

मेलेल्या मज्जापेशीच्या जागीं नवी उपजत नाहीं. मात्र वांचलेल्या पेशींचे तंतु नव्या फांद्या फोडून शेजारच्या पोरक्या स्नायुतंतूंना जाऊन मिळतात. आजारानंतरच्या महिन्यांत पायांत थोडी शक्ति परतते, ती बरीचशी यामुळें. भारतांत नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्यें हावडा जिल्ह्यांत आढळला. परंतु त्यापूर्वीं बाल्यांत पोलिओ झालेल्या कित्येकांना उतारवयांत नवी अशक्तता जाणवते. अनेक वर्षें दुप्पट-तिप्पट भार वाहिलेल्या पेशींच्या त्या जोडफांद्या झडूं लागतात, असें तिचें कारण मानलें जातें.