मार्न नदीतले पंधरा सेंटीमीटर

१९३६ साली फ्रेंच नौदलातील एक तरुण अधिकारी मोटार अपघातात जबर जखमी झाला. हात मोडले आणि वैमानिक होण्याचे स्वप्नही. हातांत पुन्हा बळ यावे म्हणून जाक-ईव्ह कुस्तो तुलाँच्या समुद्रात पोहू लागला. फिलिप ताय्ये या सहकाऱ्याने त्याला पोहण्याचा चष्मा दिला. तो लावून कुस्तोने पाण्यात डोके घातले आणि थक्क झाला. खडक, हिरवी-तपकिरी झुडपे, झळाळते मासे! ज्या पाण्यात तो रोज हात मारत होता, त्याच्याखाली एक गजबजलेले जग नांदत होते.

पण ते पाहायला वेळ किती? छातीतला श्वास संपला की वर यावेच लागे. पाणबुडे तेव्हाही होते. मात्र डोक्यावर तांब्याचे जड शिरस्त्राण आणि वर बोटीला बांधलेली हवेची नळी. ईव्ह ल प्रिअरने हवा नळकांड्यात भरून अंगावर घेतली होती, तरी तोटी हाताने फिरवावी लागे आणि बरीच हवा वाया जाई. कुस्तोने शुद्ध प्राणवायूचे यंत्र वापरून पाहिले. सुमारे १४ मीटर खोलीवर त्याचे अंग झटक्यांनी आखडले; शुद्ध हरपण्याआधी कमरेचे वजन सोडून दिले, म्हणून तो वाचला. यंत्र सुधारून तो पुन्हा उतरला आणि पुन्हा मरता मरता वाचला. दाबाखाली प्राणवायूच विषासारखा बाधतो, हा धडा त्याने असा जिवावर बेतून घेतला.

आता त्याला हवी होती अशी झडप, जी श्वास ओढताच हवा देईल आणि तीही भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने. १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे साध्या दाबाची हवा छातीत ओढताच येत नाही.

डिसेंबर १९४२. फ्रान्स जर्मनांच्या टाचेखाली. कुस्तोचे सासरे ‘एर लिकीद’ या वायुनिर्मिती कंपनीत संचालक होते. त्यांच्या ओळखीने तो पॅरिसमध्ये एमिल गान्याँ या अभियंत्याला भेटला. गान्याँने त्याच्या हातावर बॅकेलाइटची एक छोटी झडप ठेवली. पेट्रोलच्या टंचाईत मोटारी गॅसवर चालवाव्या लागत. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस पुरवण्यासाठी ती बनवली होती. रूकेरोल आणि दनेरूझ या फ्रेंच जोडीने १८६५ च्या सुमारास हीच कल्पना पाण्याखाली वापरली होती. पण भरपूर हवा दाबून साठवणारी नळकांडी तेव्हा नव्हती आणि ती कल्पना विस्मरणात गेली.

जानेवारी १९४३. त्या झडपेवरून बनवलेले यंत्र घेऊन कुस्तो पॅरिसजवळच्या मार्न नदीच्या गारठलेल्या पाण्यात उतरला. काठावर गान्याँ श्वास रोखून उभा. आडवे पोहताना हवा झकास मिळत होती. कुस्तो सरळ उभा राहिला मात्र, हवा भसाभसा बाहेर पडू लागली. डोके खाली केले, तर श्वास ओढणे मुश्कील! दोघे खिन्न मनाने परत निघाले. वाटेत दोषाचा कीस काढता काढता उत्तर सापडले. उच्छ्वासाचे तोंड हवा देणाऱ्या झडपेपासून सुमारे १५ सेंटीमीटर दूर होते. माणूस उभा राहिला की ते वर जाई, तिथे पाण्याचा दाब कमी पडे आणि हवा निसटे. उलटा झाला की नेमके याच्या विरुद्ध. दोन्ही तोंडे शेजारी शेजारी आणली आणि दोष नाहीसा झाला. नवी झडप लागली नाही, नवा धातू लागला नाही. लागला तो फक्त जागेतला बदल.

जूनमध्ये बांदोलच्या रेल्वे स्थानकावर एक पेटी आली. कुस्तोने तिच्यातले सुधारलेले यंत्र पाठीवर चढवले. पत्नी सिमोन वर तरंगत नजर ठेवून होती. मित्र फ्रेदेरिक द्युमा वेळ पडल्यास उडी घ्यायला किनाऱ्यावर सज्ज होता. कुस्तो खाली गेला, कोलांट्या मारल्या, डोके खाली करून एका बोटावर उभा राहिला. श्वास एकदाही अडखळला नाही. त्या ऑक्टोबरात द्युमा ६० मीटरच्या खाली जाऊन आला. त्याच वर्षी जॉर्ज कॉमेन्हेस हा दुसरा फ्रेंच संशोधकही स्वतःच्या यंत्रासह ५३ मीटर उतरला होता. १९४४ मध्ये तो युद्धात मारला गेला. त्याची आठवण ठेवायलाच हवी.

मालवणच्या समुद्रात बुडी मारताना पर्यटक तोंडात धरतात तो रेग्युलेटर, म्हणजे हवा देणारी झडप, याच तत्त्वावर चालतो. तिथे उतरण्याआधी दमा किंवा हृदयविकार असेल, तर प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा. आणि पाण्याखाली श्वास कधीही रोखू नका: खोलवर घेतलेली हवा वर येताना फुगते, कोंडून राहिली तर फुप्फुस फाटू शकते.