न पाहिलेला खड्डा

लोअर परळच्या एखाद्या रस्त्यावर पहिल्या पावसात पाणी कोठे तुंबेल? सर्वांत सखल जागी, हे उघड आहे. पण ती जागा पावसाआधीच, ठिकठिकाणी उंची मोजून, हुडकायची असेल तर? गणिताच्या भाषेत रस्ता म्हणजे एक सलग वक्र. एका मोजणीत एकाच बिंदूची उंची कळते. मग मोजण्या किती कराव्या?

कडक उत्तर निराशेचे आहे. हजार ठिकाणी मोजा. दोन बिंदूंच्या मध्ये अरुंद पण खोल खड्डा दडलेला असू शकतोच. वक्र सलग आहे एवढ्यावर कसलीही हमी देता येत नाही. चढउताराच्या तीव्रतेची मर्यादा ठाऊक असेल तर हमी मिळते खरी. परंतु वाईटात वाईट रस्ता गृहीत धरला की चतुराईने जागा निवडणारा आणि समान अंतरावर डोळे मिटून मोजणारा, दोघेही सारखेच!

मग सरासरी रस्त्याचा विचार करावा. येथेच खरी मेख आहे. विद्यार्थ्यांच्या उंचीची सरासरी काढता येते, वक्रांची कशी काढणार? त्यासाठी ‘यदृच्छेने निवडलेला वक्र’ या कल्पनेला नेमका अर्थ द्यावा लागतो. कलाशाखेचे वाचक दामोदर धर्मानंद कोसंबींना इतिहासकार म्हणून ओळखतात. त्याच कोसंबींनी 1943 साली असा वक्र ठराविक वक्रांच्या बेरजेतून कसा मांडावा हे दाखविले. कारुनेन व लोएव यांनी तेच पुढे स्वतंत्रपणे मांडले. (कोसंबी नंतर पुण्याहून डेक्कन क्वीनने टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येत, ती गाडी आपल्या शेजारच्या करी रोडवरूनच जाते.)

अशा वक्रांतला प्रसिद्ध नमुना म्हणजे ब्राउनी गती, म्हणजे पावलोपावली यदृच्छेने वरखाली होणारी रेषा. तिच्यावर बिंदू आधीच ठरवून मोजले, तर सरासरी चूक दहावा हिस्सा होण्यास शंभरपट मोजण्या लागतात. हे रिटर यांनी 1990 मध्ये सिद्ध केले. आधीचे आकडे पाहून पुढचा बिंदू निवडला, तर मात्र चित्र पालटते. जेथे उंची कमी आढळली त्याच्या आसपास दाट मोजायचे, मोठी मोकळी अंतरेही विसरायची नाहीत. कॅल्विन, हेफ्टर व हेर्त्सवुर्म यांनी 2017 मध्ये दाखविले की अशा रीतीने, मोजण्या पुरेशा झाल्यावर, दसपट मोजण्यांत चूक शंभरावा, हवे तर हजारावा हिस्साही करता येते.

अर्थात हे सारे ‘सरासरी’चे हिशेब. रस्त्यात कोणी रातोरात खणून ठेवलेला चर त्यांत बसत नाही.