नहपानाच्या नाण्याला आज काय भाव?

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. मोजदाद झाली ती सुमारे १३,२५० नाण्यांची. सगळी मुळात क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर आपला ठसा उमटवलेला. म्हणजे शंभरातली सत्तर नाणी. उरलेली ३,९८० नहपानाच्याच मुद्रेची. एक नाणं साधारण २ ग्रॅमचं धरलं, तर सगळा ऐवज साडेसव्वीस किलो चांदीचा होतो.

प्राचीन नाण्याचा भाव कसा काढतात असं कुणी विचारलं, की मी याच नाण्यावर येतो. विचारणाऱ्याचं पहिलं वाक्य मात्र ठरलेलं असतं : "अहो, दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे!" जणू वर्षाला अमुक रुपये असा काही दर आहे. नाण्याच्या बाजारात नुसत्या वयाला जवळजवळ काही मिळत नाही. शिवरायांचा सोन्याचा होन नहपानाच्या नाण्यापेक्षा सोळाएक शतकांनी तरुण आहे, तरी त्याच्यापुढे नहपानाचं नाणं किरकोळ ठरतं. होन मोजकेच उरलेत आणि ते हवे असणारी माणसं घरोघर आहेत. (म्हणूनच नकली होनही पोत्याने मिळतात.)

उलट टोकाला इंग्लंडमधला फ्रोमचा हंडा. २०१० साली सॉमरसेट परगण्यात सापडला. आत तिसऱ्या शतकातली ५२,५०३ रोमन नाणी. सरकारी समितीने सगळ्याचं मोल केलं ३,२०,२५० पौंड. भागाकार केला की एका नाण्याला ६ पौंड १० पेन्स. सतराशे वर्षं जुनं रोमन नाणं, आणि किंमत लंडनमधल्या दोन कप कॉफीएवढी! त्यातही काही दुर्मीळ नाण्यांनी सरासरी वर ओढलेली. साधं नाणं त्याहून खालीच.

तेव्हा पहिला प्रश्न, अशी किती उरली आहेत? जोगळटेंभीच्या आधी नहपानाची नाणी फार थोडी माहीत होती. एक साठा निघाला आणि दुर्मीळपणा हजारांच्या घरात विरला. आजची किंमत ही आजवर जमिनीबाहेर आलेल्या नाण्यांची किंमत असते. उद्या कुणाच्या नांगराला काय लागेल, त्याची हमी कुणी देत नाही.

धातूचा हिशेब सर्वांत सोपा, म्हणून तो आधी उरकू. चांदी किलोला एक लाख रुपये धरली, तर २ ग्रॅमचे २०० रुपये. रोजच्या भावाप्रमाणे आकडा बदलून घ्या. ही झाली तळरेषा. नाणं घासून सपाट झालं, तुटलं, काही वाचता येईना झालं, तर भाव तिच्याकडे सरकतो.

पण ते चांदीचं आहे ना? मागे एक ओळखीचे गृहस्थ आजोबांच्या डबीतलं नाणं घेऊन आले होते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर ठेवलं : २.०० ग्रॅम. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याने पाण्यात तरंगतं धरलं, तळाला टेकू न देता. काटा ०.१९ वर गेला. २.०० भागिले ०.१९ म्हणजे साडेदहा, आणि शुद्ध चांदीची घनताही साडेदहाच. गृहस्थ खूश. मी त्यांना म्हटलं, थांबा. काटा एका घराने चुकून ०.२० दाखवता तर उत्तर १०.० आलं असतं, ०.१८ दाखवता तर ११.१. इतक्या हलक्या नाण्यावर हा काटा चांदी सिद्ध करू शकत नाही; फार तर तांब्यावर मुलामा असेल तर पकडतो, कारण तेव्हा आकडा ०.२२ च्या आसपास जातो. आणि खऱ्या चांदीत ओतलेली नक्कल तर याही परीक्षेत पास होते. तिला ओळखायचं ते भिंगाखाली : कडेवर ओतकामाची शिवण, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गोल. ठोकून पाडलेल्या नाण्याची अक्षरं तशी नसतात.

नहपानाच्या नाण्याचा त्याच्या काळातला भावही आपल्याला माहीत आहे. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात तो दगडावर कोरून ठेवला. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, त्याने २,००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. दुसऱ्या श्रेणीकडे १,०००, दरमहा पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीचं वर्षाचं व्याज २४० कार्षापण. त्यातून लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ द्यायचे. २० गुणिले १२, बरोबर २४०. हिशेब पैचाही चुकलेला नाही. त्याच लेखात ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण होतात असं म्हटलंय, म्हणजे ३५ ला एक. हे कार्षापण म्हणजे नहपानाचीच चांदीची नाणी असं मानलं, आणि बरेच अभ्यासक तसं मानतात, तर एका नाण्यात एका भिक्षूच्या वस्त्राचा महिनाभराचा खर्च निघत होता. बाजारभाव काढताना या माहितीचा काडीचा उपयोग नाही. पण नाणं हातात असताना ती ठाऊक असलेली बरी.

आता बाजार. एकच रीत भरवशाची आहे : त्याच प्रकारची, तशाच अवस्थेतली नाणी गेल्या दोन-चार वर्षांत लिलावात कितीला गेली ते गोळा करायचं. विक्रेत्याने मागितलेली किंमत धरायची नाही. मागायला काय, कुणी काहीही मागतो. पद्धत दिसावी म्हणून मी सात आकडे रचतो : २,८००, ३,२००, ३,५००, ३,६००, ४,०००, ४,५०० आणि २१,०००. सरासरी येते सुमारे ६,०८६. ती ऐकून कुणी सहा हजारांना नाणं घेतलं, तर फसला. सातांतली सहा नाणी साडेचार हजारांच्या आत गेली आहेत. ओळीतला मधला आकडा घ्या : ३,६००. तो खरा अंदाज. आणि २१,००० चं काय? बहुधा त्या नाण्यावर नहपानाचा चेहरा हनुवटीपर्यंत पूर्ण होता, भोवतीची ग्रीक अक्षरं शाबूत होती, किंवा दोन हट्टी संग्राहक त्या दिवशी समोरासमोर आले होते. पहिली कारणं तुमच्या नाण्याला लागू आहेत का ते पाहता येतं. हट्टाचं काही करता येत नाही.

अवस्थेने भाव किती हलतो, ते पुन्हा ठसा मारलेल्या नाण्यांवर छान दिसतं. एका बाजूला सातकर्णीचा तीन कमानींचा डोंगर आणि खाली नागमोडी रेघ, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. बहुतेकांवर खालचं सगळं चिरडून गेलेलं असतं. पण काहींवर डोंगराच्या कडेने नहपानाचं नाक डोकावतं, मागे बाण आणि वज्र ओळखू येतं. एकाच चकतीवर हरलेला आणि जिंकलेला दोघेही वाचता येतात, असं नाणं संग्राहक सोडत नाही. माझ्या मते स्वच्छ, नुसत्या नहपानापेक्षाही ते मोलाचं.

आणि हेच नाणं घरी चिंचेने घासलं की संपलं. शतकांनी चढवलेली काळपट छटा पाच मिनिटांत जाते, खाली चरे पडतात, नाणं नव्या वाटीसारखं चमकतं. घासणाऱ्याला वाटतं, किंमत वाढली.

लिलावात ऐकू येणारा आकडाही एकटा नसतो. समजा हातोडा ४,००० वर पडला. घेणारा त्यावर लिलावगृहाचं शुल्क आणि कर देतो. १५ टक्के शुल्क धरलं तर कराआधीच ४,६००. विकणाऱ्याकडून १० टक्के अडत कापली तर त्याच्या हाती ३,६००. एकाच नाण्याचे एका दुपारी तीन भाव, आणि तिन्ही खरे. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनला ब्रूटसचं सोन्याचं नाणं, सीझरच्या खुनाचा अभिमान मिरवणारं, २७ लाख पौंडांवर थांबलं. शुल्कासह घेणाऱ्याला ३२ लाख ४० हजार मोजावे लागले. अंदाज होता ५ लाखांचा. त्या प्रकारची सोन्याची नाणी जगात तीनच माहीत आहेत. पुढे उघड झालं की नाणं कुठून आलं याचे कागदच खोटे होते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणेने ते ग्रीसला परत केलं. नाणं अस्सल, कागद नकली, आणि मालकाच्या लेखी किंमत शून्य.

कागदाचा हा मुद्दा आपल्याकडे आणखी कडक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं पुरावशेष ठरतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. त्यामुळे परदेशी लिलावातला डॉलरचा आकडा रुपयांत गुणून आपल्या नाण्याला लावणं चूक. त्या बाजारात तुम्हाला विकायलाच जाता येत नाही. मोबाइलवर येणाऱ्या "जुनं नाणं द्या, लाखो घ्या" छाप जाहिरातींबद्दल तर बोलायलाच नको. रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क आणि कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं.

एक भाव कायद्यानेही ठरवून ठेवला आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जमिनीत सापडला, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. सरकारला तो घ्यायचा असेल, तर देय रक्कम धातूच्या किमतीएवढी आणि वर तिचा एक-पंचमांश. आपल्या २०० रुपयांच्या नाण्याचे २४० होतात. जोगळटेंभीएवढा साठा आज निघाला, तर या दराने सगळ्याचे ३१ लाख ८० हजार. फ्रोमचा हंडा ज्याला सापडला, त्याने तो दिसताच खोदणं थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावलं होतं; तिथला कायदा शोधणाऱ्याला आणि जमीनमालकाला बाजारभावाने पैसे देतो. आपल्याकडे शोधणाऱ्यापुढे एका बाजूला २४० रुपये असतात आणि दुसऱ्या बाजूला रातोरात मूस तापवणारा सोनार. हा दर बदलायला हवा, असं मला स्पष्ट वाटतं.

तोवर, शेतात हंडा लागलाच तर नाणी धुऊ नका, वाटून घेऊ नका, आहेत तशी ठेवून जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. न कळवल्यास त्या रकमेतला वाटा तर जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.